खोट्याला उत्तर कोणत्या चौकात द्यायचं?

एप्रिल २०२०. टाळेबंदीचा दुसरा आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात भाजीबाजार उचलून शाळेच्या मैदानावर नेला होता. जमिनीवर चुन्याचे गोल, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं आणि मधूनच पोलिसाची शिट्टी. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा तिथे हातगाडीवर केळी आणि टरबूज विकायचे. मी त्यांना चाचा म्हणतो. वीस-बावीस वर्षांपासून त्यांचा हाच धंदा. अर्धं गाव त्यांच्या गाडीवरची केळी खाऊन मोठं झालं आहे.

त्या आठवड्यात जवळपास सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. एक म्हातारा मुस्लिम फळवाला बोटाला थुंकी लावून फळं रचतो आहे. 'हे लोक मुद्दाम कोरोना पसरवत आहेत,' असं खाली लिहिलेलं. व्हिडिओ मध्य प्रदेशातल्या रायसेनचा होता आणि फेब्रुवारीतला, म्हणजे टाळेबंदीच्याही आधीचा. पण दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी ताजी होती आणि वाहिन्यांवर रात्रंदिवस तेच चाललं होतं. तारीख कोण बघतो? दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या गाडीसमोरचे गोल रिकामे राहू लागले. एका गिऱ्हाइकाने आधी नाव विचारलं आणि मग 'राहू द्या' म्हणत पुढे गेलं. चौथ्या दिवशी चाचांनी काळी पडलेली केळी गाईंना घातली.

पाचव्या रात्री आमच्या मोहल्ल्यात एक पुढारी आले. ज्या पक्षाला आमचा मोहल्ला पिढ्यान्‌पिढ्या मत देत आला, त्या पक्षाचे. सोबत तांदूळ, तेल आणि डाळीच्या पिशव्या होत्या. "घाबरू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत. हे सगळं खोटं आहे, आम्हाला माहीत आहे," असं ते म्हणाले. चाचा पिशवी न घेताच बोलले, "साहब, ये तो हमको भी मालूम है. तुम ये बात कल सुबह बजार में आके बोलो ना." पुढारी जरा थांबले. मग म्हणाले, "वातावरण तापलंय चाचा. थोडं शांत होऊ द्या."

बाजारात बोलला तो दुसराच माणूस. आमचा मोहल्ला ज्यांना मत देत नाही, अशा पक्षाचा तो नगरसेवक. सकाळी आठच्या सुमारास तो आला, चाचांच्या गाडीवरून दोन डझन केळी घेतली, तिथेच एक सोलून खाल्लं आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अबे, तो व्हिडिओ मध्य प्रदेशातला हाय, अन् हा माणूस आपल्या गावातला हाय. वीस वर्षांपासून याच्याच हातचे केळे खाऊन राह्यले ना तुम्ही? मंग आता काय झालं?"

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पण दोन-तीन दिवसांत गाडीसमोर पुन्हा माणसं दिसू लागली. मी त्या नगरसेवकाला मत दिलेलं नाही आणि पुढेही बहुधा देणार नाही. तरी मुख्य प्रवाहातल्या राजकारणाने खोट्या प्रचाराला कसं तोंड द्यावं, हा प्रश्न निघाला की मला पुस्तकांच्या आधी ती दोन डझन केळी आठवतात.

पुढाऱ्याला दोष देण्याआधी स्वतःबद्दलही सांगतो. तालुक्यातल्या शिक्षकांचा एक व्हॉट्सअप ग्रुप आहे. रायसेनचा तो व्हिडिओ तिथेही पडला होता. टाकणारे सर माझ्यासोबत निवडणुकीच्या ड्युटीवर होते. एकाच जीपमधून आम्ही मतदान यंत्रं नेली होती. मी व्हिडिओचा खरा ठावठिकाणा शोधला, चार ओळी लिहिल्या आणि आमच्या उर्दू शाळेच्या ग्रुपवर टाकल्या. तिथे सगळ्यांनी 'माशाअल्लाह सर' म्हटलं. तालुक्याच्या ग्रुपवर मात्र मी काहीच टाकलं नाही. तो ग्रुप मी म्यूट केला. म्हणजे पुढाऱ्याने जे केलं तेच मीही केलं. ज्यांना गरज नव्हती त्यांना खरं सांगितलं, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर गप्प बसलो.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. खोटं ज्या चौकात बोललं जातं, त्याच चौकात त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते त्या चौकातल्या माणसानेच द्यावं लागतं. आमच्या मोहल्ल्यात येऊन केलेला निषेध आमच्या मनाला बरा वाटतो, पण त्याने बाजारातलं गिऱ्हाईक परत येत नाही.

लोकरंजनाचं राजकारण एका सोप्या वाक्यावर चालतं: 'आम्ही म्हणजे खरी जनता, आणि ते परके.' हे 'ते' कधी मुसलमान असतात, कधी परप्रांतीय, कधी भटके, कधी इंग्रजीत लिहिणारे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं गेलं. ते सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने बटण बदललं, पण गावात आलेल्या अनोळखी माणसाबद्दलचा संशय बटणाने जात नाही. त्यासाठी गावातलंच कुणीतरी मध्ये उभं राहावं लागतं.

याच महाराष्ट्रात एक उत्तर खुल्या चौकात दिलं गेलं, तेही त्याच एप्रिलमध्ये. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. त्या भागात चोर, मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. घटनेचा व्हिडिओ बाहेर आला आणि त्यातल्या आवाजात काहींना 'शोएब' हे नाव ऐकू आलं. मी भाषा शिकवतो, म्हणून तो आवाज मी चार-पाच वेळा ऐकला. 'ओए बस' अशी ती हाक होती. दोन शब्द जोडले गेले आणि त्यातून एक मुसलमान तयार झाला.

तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख लोकांसमोर आले आणि त्यांनी 'ओए बस' आणि 'शोएब' यांतला घोळ उघड सांगितला. अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लिम नाही, हे नाव घेऊन सांगितलं. घटनेनंतर साधारण आठवड्याच्या आत हे झालं. त्या रात्री आमच्या मोहल्ल्यात अनेक जण निवांत झोपले असतील. राज्याच्या गृहमंत्र्याने वेळेवर आणि पुराव्यासह बोलण्याचा परिणाम काय असतो, ते तेव्हा दिसलं.

त्या उत्तराला एक मर्यादाही होती. 'यात मुस्लिम नाही' एवढ्यावर चर्चा थांबली. तिघांचा जीव ज्या अफवेने घेतला ती अफवा, तिच्यामागची भीती, लॉकडाऊनमध्ये तुटलेलं गाव, यावर फार कुणी बोललं नाही. शिवाय उद्या एखाद्या यादीत खरोखरच एखादा शोएब असला तर? मग काय सगळा समाज दोषी ठरणार? एखाद्या समाजाला यादीतून वगळून वाचवणं हा तातडीचा उपाय झाला. गुन्हा ज्याने केला त्याचाच असतो, हे सांगण्याचं काम शिल्लक राहिलं.

मरकजच्या बाबतीत हे काम शेवटी न्यायालयाने केलं. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं. माध्यमांतल्या प्रचारावरही ताशेरे ओढले. पण तोवर पाच महिने गेले होते. चाचांची केळी एप्रिलमध्ये सडली, निकाल ऑगस्टमध्ये आला. तो निकाल हातात घेऊन एखाद्या पक्षाने बाजारचौकात सभा घेतली, असं निदान आमच्या तालुक्यात तरी मी पाहिलं नाही.

आता जरा मागे जातो, कारण या गोष्टीत आमच्या जिल्ह्याचाही वाटा आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक, आमच्या पुसदचे. पुसदच्या नाईक घराण्याबद्दल या भागात आदर आहे आणि तो उगाच नाही. पण श्रीकृष्ण आयोगाने लिहून ठेवलं आहे की ६ ते १० जानेवारी हे मोलाचे चार दिवस लष्कराचा परिणामकारक वापर करण्याचा निर्णय न झाल्यामुळे वाया गेले. अफवा आणि वर्तमानपत्रांतला भडक मजकूर काम करत होता आणि सरकार विचार करत होतं. मी तेव्हा शाळेत होतो. मुंबईतले नातेवाईक फोनवर नुसते रडायचे, एवढं आठवतं.

त्यानंतर शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि आठवडाभरात, १२ मार्चला, साखळी स्फोट झाले. २५७ माणसं गेली. स्फोट बारा झाले होते. पवारांनी दूरदर्शनवर एक जास्तीचा सांगितला. ते जास्तीचं ठिकाण मस्जिद बंदर, म्हणजे मुस्लिम वस्ती. असा स्फोट झालाच नव्हता. एका समाजालाच लक्ष्य केलं असं वाटून पुन्हा दंगल पेटू नये म्हणून आपण जाणूनबुजून खोटं बोललो, हे त्यांनी पुढे स्वतःच उघडपणे सांगितलं आहे.

ही गोष्ट मी एकदा नववीच्या वर्गात सांगितली. एका मुलाने विचारलं, "सर, मग चांगल्यासाठी खोटं बोललं तर चालतं?" प्रश्न सोपा नाही. शेख सादींच्या 'गुलिस्ताँ'ची पहिलीच हिकायत अशी आहे की, भांडण लावणाऱ्या खऱ्यापेक्षा जीव वाचवणारं खोटं बादशहाला बरं वाटतं. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला ती तोंडपाठ. पवारांच्या त्या एका वाक्याने काही घरं वाचली असतील, माझ्या नातेवाइकांचंही. म्हणून त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

पण मी मुलांना असं सांगितलं की, तेव्हा एक दूरदर्शन होतं. मुख्यमंत्री बोलले की तीच बातमी. आज मस्जिद बंदरचा एखादा पोरगा पाच मिनिटांत मोबाइलवरून दाखवेल की इथे काहीच झालेलं नाही. मग एकच अफवा पसरेल: 'सरकार मुसलमानांसाठी खोटं बोलतं.' म्हणजे तेव्हा ज्याने जीव वाचले, त्यानेच आज जीव जातील. आजच्या पुढाऱ्याकडे खरं बोलण्यावाचून दुसरा मार्ग उरलेला नाही. आणि त्या खऱ्यावर लोकांचा विश्वास बसायचा तर स्फोटाच्या दिवशी बोलून भागत नाही. तो विश्वास आधीच्या दहा वर्षांत कमवावा लागतो.

तो कसा गमावला जातो, हे आम्ही यवतमाळात जवळून पाहिलं. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे होतं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. 'मराठी संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला?' असा स्थानिक विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली, आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. त्यानंतर राज ठाकरे यांनीच आपला विरोध नसल्याचं सांगून दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे ज्या आवाजाला सगळे घाबरले, त्याच्यामागे खुद्द त्यांच्या पक्षाचा प्रमुखही उभा नव्हता! आयोजकांनी दोन दिवस कळ काढली असती तर प्रश्न सुटला असता. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी त्याच मंचावरून हे चुकलं असं सांगितलं, आणि उद्घाटन आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेने केलं, एवढाच दिलासा. मराठी शिकवणारा मुसलमान म्हणून मला तेव्हा फार वाईट वाटलं. माझ्या मुलांना मी सांगत असतो की ही भाषा तुमची आहे, कुणी तुम्हाला दारात अडवणार नाही. त्या आठवड्यात हे वाक्य बोलताना अडखळलो.

दुसरं उदाहरण शेजारच्या वाशीमचं. वाशीम आणि यवतमाळ लोकसभेला एकच मतदारसंघ. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात योगी आदित्यनाथ वाशीमला येऊन 'बटेंगे तो कटेंगे' म्हणाले. विरोधकांनी टीका केली, ती अपेक्षितच होती. लक्षात राहिलं ते वेगळंच. महायुतीतले अजित पवार उघडपणे म्हणाले की हे महाराष्ट्रात चालणार नाही. पंकजा मुंडे आणि अशोक चव्हाण यांनीही, त्याच पक्षात असून, त्या घोषणेपासून अंतर राखलं. यात मतांचं गणित असेलच, मी तेवढा भोळा नाही. पण गणितासाठी का होईना, आपल्याच मंडपात बसून 'हे आपलं नाही' म्हणणं याला किंमत आहे. ते वाक्य विरोधकाने म्हटलं की प्रचार ठरतो. आपल्याच माणसाने म्हटलं की घरात विचार सुरू होतो.

मग सेक्युलर म्हणवणाऱ्या पक्षांनी काय करावं? त्यांना दोन वाईट सवयी आहेत. पहिली, गप्प राहायची. 'मुसलमानांचा विषय काढला की मतं जातात' म्हणून निवडणूक संपेपर्यंत आमचं नाव घ्यायचं नाही, आणि रमजानमध्ये टोपी घालून इफ्तारला यायचं. दुसरी, समोरच्याची नक्कल करायची. त्यांची घोषणा जोरात चालली की आपणही तशीच थोडी सौम्य घोषणा काढायची. गप्प राहिलं की खोटं खरं वाटू लागतं, आणि नक्कल केली की लोक म्हणतात, मग मूळ दुकानातूनच का घेऊ नये? आमच्या भागात पराटीचा भाव, पीक विमा, पाण्याच्या पाळ्या हे रोजचे प्रश्न आहेत. त्या प्रश्नांवर वर्षभर गावात दिसणारा कार्यकर्ता 'ही अफवा आहे' म्हणाला तर लोक ऐकतात. फक्त अफवेच्या दिवशी उगवणाऱ्याचं कोण ऐकणार?

हे सगळं दुसऱ्यांना सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. खोट्याची सवय आमच्या घरातही आहे. २०२४ च्या लोकसभेआधी 'ही शेवटची निवडणूक, यापुढे मतदानच होणार नाही' असे आवाजी संदेश आमच्या मोहल्ल्यात फिरत होते. ते आम्हाला आवडणाऱ्या बाजूचे होते म्हणून कुणी तपासले नाहीत. कोरोनाच्या लसीने मूल होत नाही, हे तर मी शिकल्या-सवरलेल्या लोकांकडून ऐकलं. बातमी आली तर आधी शहानिशा करा, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. जुम्याच्या बयानात ती ऐकायची आणि मशिदीबाहेर येऊन फॉरवर्ड करायचं, असं आमचं चाललेलं असतं.

लसीच्या वेळीही राजकारणाने उत्तर द्यायला चौक चुकीचा निवडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले होते की मुस्लिमबहुल भागांत लसीबद्दल संकोच आहे, त्यासाठी सलमान खानची मदत घेऊ. हेतू चांगलाच होता. पण आमच्या मोहल्ल्यात लसीकरण वाढलं ते सलमानमुळे नाही. आमच्या इमामसाहेबांनी मशिदीच्या ओट्यावर बसून सगळ्यांदेखत दंड पुढे केला, आणि आशाताई ज्या घरी बाळंतपणाला धावल्या होत्या त्या घराने त्यांचं ऐकलं, म्हणून वाढलं.

त्याच वर्षी, ३१ जानेवारीला, आमच्याच जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावी पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. गंभीर चूक होती. पण ती दडपली गेली नाही. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात ठेवलं, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, बातमी अधिकाऱ्यांच्या तोंडूनच लोकांना कळली, आणि मुलं बरी होऊन घरी गेली. मोहल्ल्यात लसीबद्दल बोलताना मी हे उदाहरण उलटं वापरायचो. लपवायचंच असतं तर हे लपवलं नसतं का? अफवेला सगळ्यात जास्त चारा लपवाछपवीतून मिळतो. सरकारने चूक कबूल केली की तिचं खरंही पटायला लागतं.

चाचा आजही केळी विकतात. मुलगी आता यवतमाळला नर्सिंग करते. तो पुढारी पुढच्या निवडणुकीत मोहल्ल्यात आला तेव्हा चाचांनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "साहब, इस बार बजार में भी बोलना."

मीही बोलतो आहे, जमेल तसं. मध्यंतरी तालुक्याच्या शिक्षक ग्रुपवर पुन्हा असाच एक व्हिडिओ आला. हात थोडा थरथरला, पण या वेळी तिथेच लिहिलं: 'सर, हा व्हिडिओ आपल्या राज्यातला नाही आणि जुना आहे. कृपया तपासून पाहावा.' बराच वेळ कुणी काही बोललं नाही. दोघांनी अंगठा दाखवला. व्हिडिओ टाकणाऱ्या सरांनी उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी पाहिलं तर तो काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी केंद्र संमेलनात भेटले तेव्हा आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. चहा मात्र त्यांनीच आणून दिला.